दिवसभर लागन त्याले

रूपालीचा फोन आला तेव्हा मी एका शाळेच्या स्मरणिकेतल्या 'त्याले'चं 'त्याला' करत होतो. हे माझं पोटापाण्याचं काम आहे. अमरावतीतले काही प्रकाशक मजकूर पाठवतात, मी तो लॅपटॉपवर वाचतो आणि वऱ्हाडी माणसांनी भावनेच्या भरात जे घरचं लिहून ठेवलेलं असतं ते पुण्याचं करून देतो. मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी इकडे आलो, लग्न इथलं झालं, नोकरी गेली आणि मी राहिलो. रूपाली माझी बायको. ती अकोल्याला असते, मी इथे असतो आणि मध्ये बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू एवढंच काय ते आहे. तिचा फोन येतो तो गॅसच्या पुस्तकासाठी, लाइट बिलासाठी किंवा कुणी वारलं तर. त्यामुळे तिचं नाव दिसलं की माझ्या मनात आधी कोण वारलं असेल हेच येतं. या वेळी कुणी वारलं नव्हतं.

"कामात हाय का?" ती म्हणाली. "तो डब्बा अजून चालून राहिला का?"

डब्बा म्हणजे हाच लॅपटॉप. आम्ही दोघांनी राजकमल चौकातल्या दुकानातून मिळून आणलेला. चालतोय, म्हणालो. तसा तो त्या क्षणीही पंख्याची घरघर लावून एक ओळ खाली सरकवायला दम खात होता, पण फोनवरून ते तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"त्याच्यात बाबाचे व्हिडिओ हायेत ना, वावरातले? आपल्या गोपालदादाच्या रागिणीचं लगन हाय एप्रिलात. पोट्टी म्हनते, आजोबा मोठ्या पडद्यावर दिसले पायजेत. पन ते जुनं कॅसेटीवरचं, मोबाइलात चालत नाई. बदलून घ्या लागते."

"मी करून पाठवतो."

"तुमाले काय समजते कोनतं घ्यायचं? मी रविवारी येऊन राहिली. बसून करू. दिवसभर लागन त्याले. रात्र झाली तं राहीन मी."

फोन ठेवला आणि मी पुन्हा स्मरणिकेकडे वळलो, पण पुढचं एकही वाक्य मला दिसेना. 'येऊन राहिली'. हे रूप मी इतक्या लेखकांच्या लिखाणातून काढून टाकलंय की हात आपोआप 'येत आहे' करतो. लग्न ठरलं होतं तेव्हा एकदा तिने अमरावतीच्या एसटी स्टँडवर बोलावलं आणि फोनवर म्हणाली, मी येऊन राहिली. मी सगळे फलाट शोधले. आलीस, राहिलीस, मग दिसत कशी नाहीस, असं मी तिला पुन्हा फोन करून रागानं विचारलं, आणि तिकडे बोरगाव मंजूजवळ कुठेतरी बसमध्ये बसलेली ती इतकी हसली की शेजारच्या बाईने तिच्या हातातला फोन घेऊन मला सांगितलं, भाऊ, ते अजून लय दूर हाय. ही गोष्ट पुढे तिच्या माहेरी, पातूरला, प्रत्येक लग्नात सांगितली गेली. पुण्याच्या जावयाची गोष्ट. तिचे वडील पंजाबराव, फुलशेतीवाले, मला पाहिलं की लांबूनच ओरडायचे, "जावईबापू येऊन राहिले का आले?" मलाही हसू यायचं. आता त्या वाक्यातला 'राहीन' शब्द मी तिच्या आवाजात परत परत ऐकत होतो. रात्र झाली तं राहीन. यात वऱ्हाडी काहीच नव्हतं. हे पुण्यातही असंच म्हणतात आणि त्याचा अर्थ एकच होतो.

तिची अकोल्याला बदली झाली तेव्हा ती म्हणाली होती, अप-डाऊन करीन ना जी, अर्धं बडनेरा करते. आणि तिने केलंही. सकाळी डबा, बस, संध्याकाळी बस, तोंडावर सगळ्या रस्त्याची धूळ. मग मार्चअखेरच्या कामासाठी म्हणून अकोल्यातच जठारपेठेत खोली घेतली. मार्च संपला, खोली राहिली. खोलीत गॅस आला, पलंग आला, शेजारीण आली. दर शनिवारचं येणं पंधरवड्यावर गेलं आणि पंधरवड्याचं सणावर. रविवारी संध्याकाळी दारातून ती म्हणायची, जाऊन राहिली मी. मी आतूनच 'हो' म्हणायचो. आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर निदान कधी झालं हे सांगता आलं असतं. लोक विचारतात, वहिनी कुठे? मी म्हणतो, अकोल्याला, अप-डाऊन करते. मूल नाही, त्यामुळे त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

त्या दुपारी मी पंजाबरावांचा एक लहानसा तुकडा मोबाइलात चालेल असा बदलून पाहिला. काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी पडद्यावर उगवली आणि तिथेच बसली. पंखा किंचाळायला लागला, लॅपटॉपचं पोट इतकं तापलं की मी त्याखाली पोळपाट ठेवला. बऱ्याच वेळाने पट्टी मध्यापर्यंत आली आणि सगळं एकदम काळं झालं. उन्हाचा कडाका नुकता सुरू झाला होता, कूलर अजून माळ्यावर होता. मी त्या काळ्या काचेत माझं तोंड बघत बसलो आणि मला खरोखर भीती वाटली. रविवारी हेच झालं तर? ती शेजारी बसलेली असेल, पंजाबराव पडद्यावर अर्धे झालेले असतील आणि डब्बा बंद पडेल. ती म्हणेल, राहू द्या. रूपालीचं 'राहू द्या' मला माहीत आहे. ते ती चिडून म्हणत नाही. ओट्यावरचं फडकं उचलावं तसं म्हणते, आणि त्यानंतर तो विषय घरात पुन्हा निघत नाही.

नवा लॅपटॉप घ्यावा असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण मग तिच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं झालं असतं. डब्बा चालून राहिला का, असं तिने विचारलं होतं. इंटरनेटवर वाचता वाचता कळलं की या जुन्या मॉडेलचा प्रोसेसर डाग देऊन चिकटवलेला नसतो, एक स्क्रू फिरवला की सुटा होतो, आणि त्याच खाचेत त्याहून चांगला बसतो. घरच्या घरी करता येतं. दोन कोअरच्या जागी चार. हे वाचून मला जो आनंद झाला तो वयाला शोभणारा नव्हता. असला जुना प्रोसेसर मिळेल असं एकच दुकान फोनवर सापडलं, आणि ते निघालं अकोल्यात.

गुरुवारी गेलो. टॉवर चौकाच्या मागच्या गल्लीत ललित नावाच्या माणसाचं दुकान होतं, उघड्या लॅपटॉपांच्या चळती आणि मध्ये बसायला एक स्टूल. त्याने माझं मॉडेल ऐकलं आणि चहा मागवला. "नवा घेऊन टाका ना काका," तो म्हणाला. "कावून याच्या मागं लागले?" या 'कावून'चं मी रोज 'का' करतो.

"आत जुने व्हिडिओ आहेत."

"मंग हार्ड डिस्क काढून दुसऱ्यात लावून देतो. व्हिडिओ कुठी जात नाईत."

बरोबर होतं त्याचं. मी म्हणालो, मला यालाच चालता करायचाय. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मग जास्त न बोलता एका डबीतून प्रोसेसर काढून स्पंजाच्या तुकड्यावर ठेवून दिला. "पिना वाकू देऊ नोका. कोपऱ्यावर सोनेरी तिकोनी निशानी हाय, तिले तिच्या जागी बसवजा. जोर लावू नोका, आपोआप बसते."

दुकानातून जठारपेठ चालत जाण्यासारखी होती. मी चालत गेलो. तिच्या गल्लीच्या तोंडाशी रसवंती लागली होती, तिथल्या बाकावर बसून रस घेतला. वरच्या मजल्यावर तिची गॅलरी दिसत होती. दोरीवर तिची पिवळी ओढणी आणि एक चादर, जी मी कधी पाहिलेली नव्हती. खिडकीत नवा कूलर होता. कूलर घेतल्याचं ती बोलली नव्हती. बोलावं असं त्यात काही नाही हे मलाही कळतं, पण बायकोच्या खिडकीत आपल्याला ठाऊक नसलेला कूलर पाहून कसं वाटतं हे ज्याला वाटलं त्यालाच माहीत. ती ऑफिसात होती. तरी तिला फोन करता आला असता, इथेच आहे, जेवणाच्या सुट्टीत ये. केला नाही. रविवार दिलेला होता. गुरुवारी भेटलो असतो तर रविवार खर्ची पडला असता असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. रसवाल्याने दुसरा ग्लास हवा का विचारलं. मी उठलो. परतीच्या बसमध्ये स्पंजाचा तुकडा हातरुमालात धरून बसलो होतो, मूर्तिजापूरला शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय देवाचं हाय का? मी म्हणालो, हो.

शनिवारी खिडकीजवळ टेबल ओढलं. पांढरी चादर अंथरली, स्क्रू कशाकशाचे ते कळावं म्हणून ते चहाच्या बशांत वेगवेगळे ठेवले. पोटाखालचं झाकण निघालं तेव्हा आतून धुळीचा वास आला, आणि तो आमच्या जुन्या, भाड्याच्या घराचा होता. खोटं वाटेल, पण होता. मी इतकी वर्षं याच्यासमोर बसलो आणि याच्या आत हे असं सगळं आहे, तांब्याची नळी, पंखा, हिरवी पाटी, हे कधी बघितलं नव्हतं. पंख्याच्या पात्यांत धूळ लोकरीसारखी गुंडाळलेली. चिमट्याने ती ओढताना मध्ये काहीतरी केशरी दिसलं. झेंडूची पाकळी. सुकून कागद झालेली. दसऱ्याला रूपाली लॅपटॉपची पूजा करायची. मी हसायचो, ती म्हणायची, शस्त्र हाय ना तुमचं, याच्यानं तर तुमी आमची भाषा कापता. हळदकुंकू, वर झेंडूची माळ. बिजागरीजवळ कुंकवाचा डाग आजही आहे. पंख्याने त्यातलीच एक पाकळी केव्हातरी आत ओढून घेतली असणार, आणि त्यानंतर ती तिथेच होती. मी ती वेगळ्या बशीत ठेवली.

जुन्या प्रोसेसरवरची, त्याला गार ठेवणारी पेस्ट वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. ती पुसली. बाजूचा स्क्रू अर्धा फिरवला आणि प्रोसेसर हातात आला, नखाएवढा नाही, पण तळहातावर हरवण्याइतका. याच्यावर मी इतकी पुस्तकं वाचली, लोकांच्या आठवणी सरळ केल्या. तो सुपारीच्या डबीत घातला. नवा दोन बोटांनी कडेला धरून उचलला. सोनेरी त्रिकोण त्रिकोणाशी आणला. जोर लावला नाही. तो आपोआप बसला, आणि ते बसणं बोटांना इतकं स्पष्ट कळलं की मी मोठ्याने "बसला" म्हणालो. घरात कुणी नव्हतं. वर मुगाएवढी पेस्ट, तांब्याची नळी, स्क्रू, झाकण. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पडदा काळाच.

किती वेळ काळा होता ते मी पाहिलं नाही. व्हिडिओ डिस्कवर आहेत, ते कुठे जात नाहीत, हे मला ललितने सांगितलं होतं आणि मला समजतही होतं. तरी पंजाबराव दुसऱ्यांदा गेले आणि या वेळी माझ्या हातून, असं मला वाटलं. तिला काय सांगू? मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तेवढ्यात पडदा उजळला. जुन्या यंत्राला नवा प्रोसेसर ओळखायला वेळ लागतो, हे मला मागाहून वाचायला मिळालं. मग मात्र असा सुरू झाला की ज्याचं नाव ते. पूर्वी तो सुरू होईपर्यंत रूपाली भाजी निवडायला घ्यायची आणि ऑफिसातलं सगळं सांगून व्हायचं. आता मी पाणी प्यायला उठायच्या आत सगळं उघडून बसलेला. मी तो अर्धवट राहिलेला तुकडा लावला, हिरवी पट्टी सरसर धावली, बंद पडला नाही, तापला नाही. मी एकटाच टाळी वाजवली. कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. रूपालीचं नाव फोनवर काढलंही, पण म्हटलं उद्या बघू दे तिला डोळ्यांनी. संध्याकाळी जाऊन मेथी आणली, ज्वारी दळून आणली, पलंगावर नवी चादर घातली. दुधाची एक पिशवी जास्त घेतली, सोमवारच्या सकाळच्या चहासाठी.

रविवारी ती ऊन चढता चढता आली. केस जरा कापले होते. खांद्याला पर्स आणि हातात कापडी पिशवी. पिशवी तिने दिवाणाच्या कडेला ठेवली आणि तिच्या तोंडातून घडी घातलेल्या गाऊनची निळी कड मला दिसली. मी पटकन दुसरीकडे पाहिलं, तरी कान तापले. तिला पाकळी दाखवली. "दसऱ्याची, पंख्यात निघाली. बाबांच्या वावरातली असेल."

ती पाकळी तिने बोटावर घेऊन पाहिली. "कायची वावरातली. बाबा तं शेवंती लावत. हे बाजारातलं हाय, इतवाऱ्यातलं." मग हसली. "ठेवून द्या पन."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. पडद्यावर पंजाबराव शेवंतीच्या वाफ्यातून कॅमेऱ्याकडे आले, डोक्याला उपरणं, हातात टोपली. मी तेव्हा नवीन कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे मागे फिरत होतो. "मले कावून काढून राहिले जावईबापू?" ते म्हणाले. "फुलं काढा ना, फुलं. मी काय विकाले हाय?" रूपाली खळखळून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. हेच पायजे, म्हणाली. हे अन् ते माय माळ गुंफते ते. बाकीचं नंतर. मी तिने सांगितलेले तुकडे एकामागून एक लावले आणि बटण दाबलं. "चला," ती म्हणाली, "आता हे दिवसभराचं झालं." दिवाणावर पाय वर घेऊन बसली, मेथीची जुडी ओढली, ताट मांडीवर घेतलं, आणि सांगायला लागली. तिच्या ऑफिसात संध्या म्हणून नवी मुलगी आली आहे, तिला साधी फाइल लावता येत नाही, पण गाते छान. मी तिच्या हातांकडे बघत होतो. पानं खुडताना ती अजूनही करंगळी बाजूला धरते. खूप दिवसांनी मला माझ्या घरात बसल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी कोपऱ्यातून माझं लक्ष त्या हिरव्या पट्टीकडे गेलं.

ती धावत होती. काल मी तिला टाळी वाजवली होती. आता मी मनातल्या मनात तिला म्हणालो, हळू. पहिला तुकडा संपला. दुसरा सुरू झाला आणि मला काय केलं ते कळलं. झाकण उघडून, पिना जपून, जोर न लावता, मी माझ्या हातानं रूपालीच्या राहण्याची रात्र काढून टाकली होती. ती संध्याच्या गाण्याबद्दल सांगत होती. मेथीची अर्धी जुडी निवडून झाली आणि लॅपटॉप टिंग वाजला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

तिने हातातल्या काडीकडे पाहिलं. "बापा! लयच फास्ट झाला डब्बा."

"प्रोसेसर बदलला. मी स्वतः."

"तुमी सोता?" तिने लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवला, कुंकवाच्या डागापाशी थांबवला. "मस्त केलं." मग काडी ताटात टाकली. लॅपटॉपचा पंखा आता आवाज करत नव्हता. "मंग..." ती म्हणाली, "आता काय?"

ही मेथी राहिली आहे. ज्वारी दळून आणली आहे. राहा. एवढंच म्हणायचं होतं, आणि यातला प्रत्येक शब्द मला शुद्ध येत होता. माझ्या तोंडून निघालं, "तीनची बस मिळेल तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. "हो," ती म्हणाली. "मिळन."

"अंधाराच्या आत पोचशील."

"हो ना." तिने ताट खाली ठेवलं, निवडलेली मेथी फडक्याने झाकली. मी तुकडे पेन ड्राइव्हवर घालून दिले, तो तिने पर्समध्ये टाकला. पिशवीतला गाऊन तिने हाताने आत दाबला आणि वर ओढणी ठेवली. "उरलेल्या कॅसेटींचं दिवाळीले पाहू. मायीचं पन करून ठेवू सगळं." दारात चपला घालताना ती म्हणाली, "जाऊन राहिली मी."

मी या वेळी आत नव्हतो, दारातच होतो. तरी 'हो'च म्हणालो.

ती गेल्यावर मी टेबल पुन्हा खिडकीजवळ ओढलं. चादर अंथरली, बशा मांडल्या. स्क्रू काढायला आता विचार करावा लागत नव्हता. नवा प्रोसेसर काढून स्पंजाच्या तुकड्यावर ठेवला, सुपारीच्या डबीतला जुना काढला, पुसला, त्रिकोण त्रिकोणाशी आणला. तोही आपोआप बसला. मुगाएवढी पेस्ट. झाकण लावलं, बटण दाबलं आणि मेथीचं ताट मांडीवर घेतलं. पडद्यावर तो पांढरा गोल आला आणि फिरायला लागला, फिरायला लागला. मी एकेक पान खुडत होतो. उन्हं भिंतीवरून वर सरकली.

फोन वाजला. तिचा मेसेज होता. 'पोचली. जेवले का? काय करून राहिले?'

मी लिहिलं, 'वाट पाहून राहिलो.' दुरुस्त करायला अंगठा गेला, पण ते तसंच ठेवलं. मग त्याच्या आधी 'लॅपटॉप सुरू व्हायची' एवढं जोडलं आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं. 'तो तं आता फास्ट झाला ना जी. मंग कावून?'

मी त्या 'कावून'कडे बघत बसलो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.